चेतापेशीभोवतीची जाळी: डिशमध्ये वाढवताना आणि रंगवताना

रॅटच्या मेंदूतल्या पेशी डिशमध्ये जगवता यायला लागल्या, दोन आठवड्यांत सिनॅप्स नीट दिसायला लागले, की पुढचं काम बहुतेकांच्या वाट्याला येतंच: पेशीभोवतीचं मॅट्रिक्स (पेशींच्या बाहेरचं साखरा-प्रथिनांचं जाळं) दाखवा, पेरिन्यूरोनल नेट, म्हणजे चेतापेशीभोवतीची दाट जाळी, रंगवा. इथे बरीच मुलं अडतात. प्रोटोकॉल हातात असतो, रिएजंट महागातले असतात, मायक्रोस्कोप चांगला असतो, आणि तरी स्लाइडवर एकतर काहीच दिसत नाही किंवा सगळंच हिरवंगार दिसतं. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कल्चर रूम सांभाळते आणि हे काम नव्या विद्यार्थ्यांना शिकवते. छापील प्रोटोकॉलमध्ये पायऱ्या असतात, पण ती पायरी तशीच का, हे नसतं. ते इथे लिहिते आहे. ज्यांनी निदान एकदा प्रायमरी कल्चर केलंय, त्यांना हे थेट वापरता येईल.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. तुमच्या डिशमध्ये मॅट्रिक्स दोन असतात. एक आपण काचेवर घालतो, पॉलिलायसिन आणि लॅमिनिनचं. दुसरं पेशी स्वतः तयार करतात, स्वतःच्याच अंगाभोवती. पहिलं पहिल्या तासात लागतं. दुसरं पूर्ण व्हायला तीन-चार आठवडे जातात. प्रयोगाचा विषय दुसरं आहे. पेशी लावण्यापासून रंगवण्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारायचं की मला जे दिसतंय ते पेशीने बनवलंय की मी घातलंय.

जाळीत असतं काय

मेंदूच्या आकारमानातला सुमारे २० टक्के भाग पेशींच्या मधल्या जागेचा असतो, आणि ती जागा रिकामी नसते. बहुतेक ठिकाणी तिथलं मॅट्रिक्स सैल आणि पसरलेलं असतं. काही चेतापेशींभोवती मात्र ते दाट होऊन पेशीच्या अंगाला जाळीसारखं चिकटतं. इटलीत पाव्हियाला कामिलो गोल्जीने १८९८ मध्ये या जाळीचं वर्णन केलं. स्पेनचा चेताशास्त्रज्ञ काहाल, त्याला ते पटलं नाही, रंगवताना काहीतरी साकळून तसं दिसतं असं त्याचं म्हणणं. दोघांना १९०६ चं नोबेल एकत्र मिळालं, पण या बाबतीत गोल्जीचं निरीक्षण बरोबर होतं. काहालची शंकासुद्धा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते, कारण जाळी आणि रंगाचा गाळ यांतला फरक ओळखणं हे आजही या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

जाळीची बांधणी समजली की प्रोटोकॉल अर्धा पाठ होतो. पेशीच्या पडद्यात हायलुरोनन सिंथेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. ते साखरेचा लांबलचक धागा, म्हणजे हायलुरोनन, बाहेर ढकलतं. या धाग्याला लेक्टिकन कुळातली प्रथिनं एका टोकाने धरतात: अ‍ॅग्रिकन, ब्रेविकन, न्यूरोकन, व्हर्सिकन. ती पकड पक्की करायला हॅपलन १ सारखं लिंक प्रोटीन लागतं. लेक्टिकनचं दुसरं टोक टेनॅसिन-आर बांधतं, आणि टेनॅसिन-आर तीन-तीनच्या जुडीत असल्यामुळे एकाच वेळी अनेक रेणू एकत्र येतात. अ‍ॅग्रिकनच्या गाभ्याला कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या बाटली घासायच्या ब्रशासारख्या चहूबाजूंनी लागलेल्या असतात. या साखळ्यांवर ऋण भार खच्चून भरलेला असतो.

ही यादी पाठ करायची गरज नाही. यातलं कोण कुठून येतं ते मात्र लक्षात ठेवा. अ‍ॅग्रिकन, हॅपलन १ आणि सिंथेज हे मुख्यतः चेतापेशीच बनवते. ब्रेविकन, न्यूरोकन आणि टेनॅसिन यांचा बराचसा पुरवठा ग्लियाकडून, म्हणजे चेतापेशींच्या आधारपेशींकडून होतो, आणि टेनॅसिन-आर ऑलिगोडेंड्रोसाइट या ग्लियाच्या प्रकाराच्या वंशातल्या पेशी देतात. म्हणजे ग्लिया जवळजवळ नाहीत अशा अतिशुद्ध न्यूरॉन कल्चरमध्ये दाट जाळीची अपेक्षा धरणं चूक आहे. केंब्रिजच्या एका गटाने २०१० मध्ये दाखवलं की मूत्रपिंडाच्या एचईके पेशींनासुद्धा सिंथेज आणि लिंक प्रोटीन दिलं तर त्या स्वतःभोवती जाळीसारखं दाट मॅट्रिक्स धरून ठेवू लागतात. मला तो प्रयोग फार आवडतो. धागा आणि कुलूप असेल तर बाकीचे रेणू येऊन बसतात, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

काच

१२ मिलिमीटरची बोरोसिलिकेट कव्हरस्लिप घ्या. साधी सोडा-लाइम काच चार आठवडे टिकणाऱ्या कल्चरला मानवत नाही. कव्हरस्लिप तीव्र नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवायच्या, फ्यूम हूडमध्येच, मग डिस्टिल्ड पाण्याने इतक्या वेळा धुवायच्या की कंटाळा यावा, आणि शेवटी ओव्हनमध्ये निर्जंतुक करायच्या. घाईत असलेला माणूस पहिल्यांदा हीच पायरी गाळतो. तेलकट काचेवर पॉलिलायसिन एकसारखं बसत नाही. पेशी पहिल्या आठवड्यात ठीक दिसतात आणि तिसऱ्या आठवड्यात घोळक्याने उचकटून येतात. म्हणजे जाळी तयार होण्याच्या बरोबर वेळी.

पॉलिलायसिन डी घ्यायचं, एल नाही. पेशी सोडतात त्या प्रोटिएजना (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना) डी रूप तोडता येत नाही, आणि आपल्याला महिनाभर टिकणारा पाया हवा आहे. बोरेट बफर, पीएच ८.५, त्यात ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर, रात्रभर. काच ऋणभारित, पेशीचा पृष्ठभागही ऋणभारित, मधलं पॉलिलायसिन धनभारित. त्याचं काम एवढंच. दुसऱ्या दिवशी निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं पाणी तसंच राहू द्या. न चिकटलेलं, सुटं पॉलिलायसिन पेशींना विषारी असतं.

त्याच्यावर लॅमिनिन, २ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर, ३७ अंशाला निदान दोन तास. लॅमिनिनची कुपी बर्फावर हळूहळू वितळवा. बाकावर ठेवून वितळवली तर ते घट्ट होऊन जेल होतं आणि पिपेटमध्ये वर गेलेलं तुमच्या कव्हरस्लिपवर कधी पोचत नाही. लॅमिनिन घातल्यावर काच सुकू द्यायची नाही. पेशी तयार झाल्या की लॅमिनिन काढायचं आणि लगेच पेशी घालायच्या.

आता मघाचा प्रश्न, पेशीने बनवलंय की मी घातलंय. बाजारातलं लॅमिनिन आणि मॅट्रिजेल (कल्चरसाठी विकलं जाणारं मॅट्रिक्सचं जेल) हे दोन्ही एका विशिष्ट प्रकारच्या उंदराच्या गाठीतून काढलेले असतात, आणि ते तळपटलाचं (बेसमेंट मेम्ब्रेनचं) मॅट्रिक्स आहे: लॅमिनिन, कोलॅजन ४, एन्टॅक्टिन. मेंदूत असलं मॅट्रिक्स रक्तवाहिन्यांभोवती आणि मेंदूच्या आवरणांजवळ सापडतं, चेतापेशींच्या मधल्या जागेत ते जवळपास नसतं. ऑर्गनॉइड (डिशमध्ये वाढवलेले अवयवासारखे गोळे) मॅट्रिजेलमध्ये वाढवतात हे खरं, पण म्हणून त्याला मेंदूचं मॅट्रिक्स म्हणू नका. परीक्षकासमोर तर अजिबात म्हणू नका.

पेशी

परवानगीचं आधी. रॅट वापरण्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते, आणि संस्थेची प्राणिशाळा सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीकडे) नोंदलेली असावी लागते. प्रस्तावात प्राण्यांची संख्या खरी लिहा आणि ती का लागते ते मोजून दाखवा. एका गरोदर मादीपासून किती कव्हरस्लिप होतात, त्यातल्या नियंत्रणाला किती जातात, याचा हिशेब मी विद्यार्थ्याकडून पेशी लावायच्या आधी कागदावर मागते. त्या जनावराचं आपण काही देणं लागतो.

गर्भ अठराव्या दिवसाचे घ्या, आणि या कामासाठी कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) घ्या. जाळी सगळ्यात दाट दिसते ती पार्व्हअल्ब्युमिन (कॅल्शियम धरणारं एक प्रथिन) असलेल्या निरोधी चेतापेशींभोवती. या पेशी कॉर्टेक्समध्ये जन्मत नाहीत. त्या खालच्या गँग्लियॉनिक एमिनन्स या गर्भाच्या मेंदूतल्या भागात जन्मून तिथून सरकत कॉर्टेक्समध्ये येतात. फार लवकरचे गर्भ घेतले तर त्या अजून वाटेत असतात आणि तुमच्या डिशमध्ये कमी येतात. हिप्पोकॅम्पसचं कल्चर दिसायला सुंदर असतं, मोकळं असतं, पण पहिल्यांदा जाळी शोधणाऱ्याला मी कॉर्टेक्सच सांगते.

मेनिन्जेस, म्हणजे मेंदूवरची आवरणं, पूर्ण सोलून काढा. स्टिरिओमायक्रोस्कोपखाली दोन बारीक चिमट्यांनी, बर्फावरच्या एचबीएसएस या क्षारद्रावणात. लाल बारीक रक्तवाहिन्या दिसताहेत तोवर आवरण शिल्लक आहे असं समजा. हे फक्त स्वच्छतेसाठी नाही. आवरणाबरोबर फायब्रोब्लास्ट येतात, ते फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजन बनवतात, आणि तीन आठवड्यांनी तुमच्या डिशमध्ये तिसरंच मॅट्रिक्स पसरलेलं असतं.

मग ऊती सुटी करायला प्रथिनं तोडणारं एन्झाइम पपेन, २० युनिट प्रति मिलिलीटर, सिस्टीनने जागं केलेलं, सोबत डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम), ३७ अंशाला वीस ते तीस मिनिटं. डीएनेज नसेल तर फुटलेल्या पेशींच्या डीएनएचा शेंबडासारखा चिकट गोळा होतो आणि चांगल्या पेशी त्यात अडकतात. एन्झाइम थांबवायला ओव्होम्युकॉइड, मग टोक आगीवर गुळगुळीत केलेल्या पाश्चर पिपेटने हलक्या हाताने दहा-बारा वेळा वर-खाली. फेस येता कामा नये. फेस आला म्हणजे पेशी मेल्या.

पपेन पेशीच्या बाहेरचं जवळपास सगळं खाऊन टाकतं. म्हणजे शून्याव्या दिवशी तुमच्या पेशी मॅट्रिक्सशिवाय उघड्या असतात. अठ्ठाविसाव्या दिवशी जी जाळी दिसते ती संपूर्णपणे डिशमध्ये बनलेली असते. या पद्धतीचं खरं बळ हेच आहे.

ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशीच निळ्या करणाऱ्या रंगाने) मोजून एका कव्हरस्लिपवर साधारण ७०,००० जिवंत पेशी लावा. १२ मिलिमीटरच्या काचेचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६०,००० च्या थोडं वर. एकेका पेशीचा डौल बघायचा असेल तर याहून कितीतरी कमी लावतात, पण तशा विरळ कल्चरमध्ये जाळी कमी आणि उशिरा येते, आणि चार आठवडे जगवणंही कठीण. लावताना सीरम वापरत असाल तर दोन-तीन तासांत, पेशी चिकटल्या की, ते पूर्ण बदलून न्यूरोबेसल या चेतापेशींच्या मीडियावर (पोषक द्रवावर) या, त्यात बी-२७ आणि ग्लुटामॅक्स हे पूरक घालून. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन असतात, ती काचेवर बसतात.

सायटोसीन अ‍ॅराबिनोसाइड, म्हणजे विभागणाऱ्या पेशी मारणारं औषध, याबद्दल माझं मत ठाम आहे. ग्लियाची वाढ रोखायला बऱ्याच लॅबमध्ये तिसऱ्या दिवशीच ते ५ मायक्रोमोलर घालतात. जाळीच्या कामाला ते घातक आहे. ग्लिया मेल्या, ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशी मेल्या, की लेक्टिकन आणि टेनॅसिन-आरचा पुरवठा आटतो. मी सातव्या दिवसाच्या आसपास, १ मायक्रोमोलर, एकदाच घालते. ग्लियाचा पातळ थर खाली राहू द्यायचा, फक्त त्याने न्यूरॉनना झाकायचं नाही.

चार आठवडे

या भागावर प्रोटोकॉलमध्ये एक ओळ असते, "अर्धा मीडिया बदलत राहा." खरी मेहनत इथेच आहे.

अर्धाच का, ते समजून घ्या. जुन्या मीडियात पेशींनी सोडलेले वाढीचे घटक असतात, आणि जाळीसाठी लागणारं सुटं न्यूरोकन-ब्रेविकनही असतं. सगळं उपसून काढलं तर पेशींना धक्का बसतो. आठवड्यातून एकदा, ५०० मायक्रोलीटरमधलं २५० काढायचं आणि तेवढंच ताजं, ३७ अंशाला गरम केलेलं घालायचं. पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवायचं, पेशींवर धार सोडायची नाही. एका वेळी चारच वेल करा. चोवीसच्या चोवीस उपसून मग भरायला घेतलं तर शेवटच्या वेलमधल्या पेशी कोरड्या पडत आलेल्या असतात.

बाष्पीभवन हा मूक शत्रू आहे. न्यूरोबेसल मुळात पातळ असतं, त्याची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २२० मिलिऑस्मोल प्रति किलोग्रॅमच्या आसपास. महिनाभर थोडं थोडं पाणी उडत गेलं की ती चढत जाते आणि पेशी आक्रसतात. प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये पेशी न लावता निर्जंतुक पाणी भरा, वेल फुकट जातात असं वाटू देऊ नका. इन्क्युबेटरच्या तळातलं पाणी कधीच आटलेलं नसावं. पॉटर आणि डीमार्स यांनी २००१ मध्ये वायू आरपार जाऊ देणाऱ्या, पण पाण्याची वाफ अडवणाऱ्या टेफ्लॉनच्या पातळ पडद्याने डिश बंद करून कॉर्टेक्सच्या पेशी वर्षाहून जास्त जगवल्या. बाष्प आणि बुरशी या दोनच गोष्टी रोखल्या तर पेशी किती चिवट असतात, ते त्यातून कळतं.

आपल्याकडचं थोडं. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत बुरशीचे बीजाणू भरपूर असतात. पुठ्ठ्याची खोकी कल्चर रूममध्ये आणू नका, माल बाहेरच खोलून आत फक्त प्लास्टिकची पाकिटं न्या. ओल सर्वांत आधी पुठ्ठ्याला धरते. भिजलेल्या छत्र्या आणि बाहेरच्या चपला दाराबाहेर. एका वेलमध्ये कापसासारखा तंतू दिसला तर अँटिफंगल घालून वाचवायचा मोह सोडा. प्लेट सील करून बाहेर, शेल्फ अल्कोहोलने पुसा, पाण्याचं तसराळं ऑटोक्लेव्ह करा. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची शक्यता धरूनच चालायचं: मीडिया बदलणं किंवा फिक्सेशन गुरुवारी ठेवू नका, आणि वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून "बघू तरी" करू नका. दार बंद असेल तर आतलं तापमान बराच वेळ टिकतं. दार उघडलं की कार्बन डायऑक्साइड गेला आणि मीडिया गुलाबी व्हायला लागला.

आणि एक गोष्ट जैविक. जाळी तयार होणं पेशींच्या विद्युत हालचालींवर अवलंबून असतं. सोडियम चॅनेल बंद करणारं टेट्रोडोटॉक्सिन घालून कल्चर शांत केलं तर जाळी नीट तयार होत नाही, हे दाखवलं गेलं आहे. दुसऱ्या आठवड्यात पेशी आपापसांत एकदम फायर होऊ लागतात, जाळीच्या खुणाही साधारण त्या सुमारासच दिसायला लागतात. त्यामुळे आजारी, गप्प कल्चरमध्ये जाळी दिसली नाही तर अँटिबॉडीला दोष देण्यात अर्थ नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी फेज कॉन्ट्रास्टखाली बघा. पेशीचं अंग चमकदार आणि गोलाईदार, धागे सलग, मण्यांची माळ झालेली नाही. एवढं असेल तर पुढे जा.

रंगवणं

१४, २१ आणि २८ या तीन दिवसांच्या कव्हरस्लिप ठेवा. फक्त अठ्ठाविसाव्याची ठेवली तर जे दिसेल ते वाढत आलंय की पहिल्यापासून होतं, ते सांगता येणार नाही.

जाळी ओळखायला सगळे वापरतात ते डब्ल्यूएफए, म्हणजे विस्टेरिया फ्लोरिबुंडा या जपानी वेलीच्या बियांमधलं लेक्टिन, साखर ओळखून तिला धरणारं प्रथिन. ते जाळीतल्या प्रथिनाला धरत नाही, त्यावरच्या साखरेला धरतं: एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामीन, अ‍ॅग्रिकनवरच्या साखळ्यांवरचं. पुढच्या सगळ्या सूचना या एका वाक्यातून निघतात.

कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या कोमट पीबीएसने (फॉस्फेट बफरच्या क्षारद्रावणाने) दोनदा धुवा. हे दोन आयन नसतील तर जुन्या कल्चरमधल्या पेशी काचेवरून सुटतात. मग ताजं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, ४ टक्के सुक्रोजसह, बारा मिनिटं, फ्यूम हूडमध्ये. थंड मिथेनॉल नको, त्याने मॅट्रिक्स आक्रसतं आणि जाळीचा आकार जातो.

ब्लॉकिंगला (नको तिथे रंग चिकटू नये म्हणून आधी जागा भरायला) सवयीने कोणी गोट सीरम घेतं, तिथेच घात होतो. सीरममधल्या ग्लायकोप्रोटीनवर साखरा असतात, लेक्टिन त्यांनाच जाऊन चिकटतं. ३ टक्के बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा, तोही शक्य तितका शुद्ध. बायोटिन लावलेलं डब्ल्यूएफए १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर, दोन तास खोलीच्या तापमानाला किंवा रात्रभर ४ अंशाला. ते दाखवायला स्ट्रेप्टाव्हिडिन घ्या, अ‍ॅव्हिडिन नाही. अ‍ॅव्हिडिनवर स्वतःच्याच साखरा असतात. बी-२७ मध्ये बायोटिन असतं, म्हणून फिक्स करण्यापूर्वी धुण्यात हयगय नको.

पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारं डिटर्जंट, ट्रायटन, कधी घालायचं? जाळी पेशीच्या बाहेर आहे, तिला ट्रायटनची गरज नाही. उलट ट्रायटनमुळे पेशीच्या आत गॉल्जी या अंगकात तयार होत असलेल्या, अर्धवट साखळ्याही रंगतात आणि केंद्रकाजवळ एक चमकदार ठिपका दिसतो. आधी ट्रायटनशिवाय डब्ल्यूएफए आणि अ‍ॅग्रिकनची अँटिबॉडी पूर्ण करा, पुन्हा पाच मिनिटं हलकं फिक्स करा, मग ०.१ टक्के ट्रायटन घालून पार्व्हअल्ब्युमिन आणि मॅप-२ (डेंड्राइट दाखवणारं प्रथिन) रंगवा. दोन टप्प्यांनी एक दिवस वाढतो. तो द्या.

अ‍ॅग्रिकनच्या गाभ्याची अँटिबॉडी सोबत हवीच. डब्ल्यूएफए साखर बघतं, ही प्रथिन बघते. एखाद्या पेशीभोवती अ‍ॅग्रिकन आहे पण डब्ल्यूएफए नाही, असं होऊ शकतं. कॅट-३०१, कॅट-३१५, कॅट-३१६ या अँटिबॉडीसुद्धा अ‍ॅग्रिकनची साखरेने बदललेली वेगवेगळी रूपं ओळखतात आणि वेगवेगळ्या पेशी दाखवतात. "डब्ल्यूएफए नाही म्हणजे जाळी नाही" हे वाक्य थीसिसमध्ये लिहू नका. हायलुरोनन बघायचं असेल तर त्याला धरणारं बायोटिनयुक्त प्रथिन मिळतं, पण ते आणि बायोटिनवालं डब्ल्यूएफए एकाच काचेवर चालणार नाही.

काय दिसतं

आधी २० एक्सवर. बहुसंख्य चेतापेशी अंधाऱ्या असतात आणि मधूनच एखादी उठून दिसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, काम फसलं, एवढ्याच कशा? पण तेच बरोबर आहे. निरोधी पेशी कल्चरमध्ये थोड्याच असतात आणि त्यांतल्याही सगळ्या पार्व्हअल्ब्युमिनच्या नसतात.

आता ६३ एक्स लावा आणि त्या एका पेशीवर थांबा. फोकस हळूहळू वर-खाली करा. पेशीच्या कडेला हिरवी रेघ दिसेल, पण ती सलग नसते. वरच्या पृष्ठभागावर आलात की रेघ उलगडते आणि तिच्यात काळी छिद्रं दिसतात, साधारण गोल, एकमेकांना लागून. सिनॅप्टिक प्रथिनाचा लाल रंग लावला असेल तर ते लाल ठिपके बरोबर त्या छिद्रांत बसलेले असतात. म्हणजे जिथे दुसऱ्या पेशीचं टोक येऊन टेकतं तिथे मॅट्रिक्स त्याच्या कडेकडेने उभं राहतं. जाळी पेशीच्या अंगावरून डेंड्राइटच्या सुरुवातीच्या भागावर जाते, अ‍ॅक्सॉनच्या मुळाशीही सापडते, आणि डेंड्राइटवर पुढे पुढे विरळ होत संपते. रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएनने २०१३ मध्ये मांडलेली कल्पना या छिद्रांबद्दलच होती: फार जुन्या आठवणी कदाचित या छिद्रांच्या नक्षीत टिकून राहत असतील. ती सिद्ध झालेली नाही, पण ६३ एक्सवर ही छिद्रं बघताना ती आठवल्याशिवाय राहत नाही.

चौदाव्या दिवशी असं काही नसतं, फक्त विखुरलेले बारीक ठिपके. एकविसाव्या दिवशी काही पेशींभोवती ते दाटलेले.

जाळीसारखं दिसणारं पण जाळी नसलेलं काय? मेलेल्या पेशी. त्यांच्या अवशेषांना डब्ल्यूएफए जोरात चिकटतं. डीएपीआय या डीएनए रंगवणाऱ्या रंगाच्या चॅनेलवर केंद्रक बघा: लहान, आवळलेलं आणि भगभगीत असेल तर ती पेशी मोजायची नाही. छिद्रं नसलेला, सपाट, एकसारखा चमकणारा गोळाही मोजायचा नाही.

खात्री

नियंत्रणं चार आणि चारही हवीत. फक्त स्ट्रेप्टाव्हिडिन, लेक्टिन नाही. डब्ल्यूएफए आधी ०.२ मोलर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामीनमध्ये मिसळून मग घातलेलं: साखरेची जागा भरलेली, म्हणून रंग जायला हवा. तिसरं कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी, आणि चौथं त्याच्या जोडीला पेनिसिलिनेज, जे जिवाणूंचंच एन्झाइम आहे पण मेंदूत त्याने तोडावं असं काही नसतं.

कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी प्रोटियस व्हल्गारिस या जिवाणूपासून मिळतं आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या छाटतं. इटलीत पिझोरुस्सो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रौढ रॅटच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये हेच सोडलं आणि लहानपणी संपून गेलेली लवचीकता परत आलेली दाखवली. जाळीकडे इतक्या लोकांचं लक्ष वळण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. डिशमध्ये ०.२ युनिट प्रति मिलिलीटर, जिवंत पेशींवर, ३७ अंशाला तीन-चार तास पुरतात. हे एन्झाइम उष्णतेला नाजूक आहे. बीएसए घालून छोटे अ‍ॅलिकॉट (वाटे) करा, उणे ८० ला ठेवा, एकदा वितळलेलं परत गोठवू नका. डब्ल्यूएफएचा रंग गेला म्हणजे छाटणी झाली, एवढ्यावर समाधान मानू नका. रंग इतर कारणांनीही जातो. छाटलेल्या साखळीचं उरलेलं खुंट ओळखणारी अँटिबॉडी मिळते, जसं २बी६. तिचा रंग एन्झाइमनंतर नव्याने दिसायला हवा. एक गेला आणि दुसरा आला, तेव्हाच पुरावा पक्का.

फोटो काढताना एक्स्पोजर सगळ्या कव्हरस्लिपना एकच, आणि ते सर्वांत उजळ नमुन्यावर ठरवा, नाहीतर तोच संतृप्त होतो. मोजणाऱ्याला कोणती काच कोणती ते माहीत नसावं. आणि एन, म्हणजे आकडेवारीतली नमुन्यांची संख्या, ती वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या मादीपासून केलेली कल्चरं. एकाच प्लेटच्या सहा कव्हरस्लिप म्हणजे एन सहा नव्हे.

रंगवून झाल्यावर उरलेल्या वेलमधला मीडिया टाकून देऊ नका. अठ्ठावीस दिवसांच्या मीडियात पेशींनी सोडलेलं न्यूरोकन आणि ब्रेविकन असतं, तुटलेल्या तुकड्यांसकट. सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव उणे ८० ला ठेवा. वेस्टर्न (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) करायच्या आधी त्यालाही पीएच ८ च्या बफरमध्ये कॉन्ड्रॉइटिनेजने काही तास पचवा, कारण साखळ्या तशाच ठेवल्या तर लेक्टिकन जेलमध्ये वरच्या वर लांबट धुरकट पट्टा होऊन अडकतात. पचवलेला आणि न पचवलेला नमुना शेजारच्या लेनमध्ये घाला. पट्टा जाऊन नेमक्या रेघा आल्या की कोणती रेघ अखंड प्रथिनाची आणि कोणती तुकड्याची, हे वाचता येतं.